आवाज मागं पडतोय

रियाजभाईंना कुणी विचारलं, "काय करून राहिलात?" की ते म्हणायचे, "कन्व्हर्ट." बस्स, एवढंच. पुढं विचारायची सोय नसायची, कारण पुढचं त्यांनाही नीट माहीत नसायचं.

मी भीमाशंकर, त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. लातूरच्या एका डाळमिलमध्ये मशीनवर सत्तावीस वर्षं काढली. तूर आत जाते, डाळ बाहेर पडते, मधे काय होतं ते मी डोळे झाकून सांगेन. रियाजभाईंच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र एक फाईल आत जायची आणि सहा तासांनी तीच फाईल वेगळ्या नावानं बाहेर यायची. दिसायला तशीच. एकदा मी म्हटलं, "अहो, मग बदललं काय?" ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "अप्पा, अख्ख्या तुरीचं वरण होतं का? न्हाई होत. डाळ करावी लागते. ही फाईलबी प्लेयरला तशी पचत न्हाई." मला पटलं. दुसऱ्या दिवशी प्लेयरनं ती डाळही खाल्ली नाही, तेव्हा आम्ही दोघं पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

त्यांचं गंजगोलाईच्या बाजारात टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं लोक टीव्ही दुरुस्त करायच्या ऐवजी नवाच आणायला लागले, तसं दुकान बसलं. रियाजभाईंनी घरी कॉम्प्युटर आणला, त्यात एक कार्ड बसवलं आणि केबलची वायर सरळ त्यात खुपसली. टीव्हीवर लागलेला कार्यक्रम कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा, जाहिराती कापायच्या, हवा तेवढा तुकडा काढून सीडी करून द्यायची. आमच्या गावात याला गिऱ्हाईक होतं, आणि ते क्लासनी पुरवलं होतं. भूकंपानंतर काही वर्षं लातूर म्हटलं की बाहेरचे लोक हळहळायचे. पुढं लातूर म्हटलं की बारावीचे मार्क विचारायला लागले. दर जूनमध्ये इथलं केबल चॅनेल गुणवंत पोरांच्या मुलाखती दाखवायचं. मग मुखेडहून, अर्धापूरहून बाप लोक एसटीनं यायचे. "आमच्या लेकराचा तेवढा तुकडा काढून द्या." कोणत्या दिवशी लागला, किती वाजता लागला, काही पत्ता नाही. मुखेडच्या ग्यानोबांना त्यांच्या पोराचा, सत्यमचा तुकडा दिला, त्यांनी गावात पारावर टीव्ही मांडून सगळ्यांना दाखवला, आणि तो सत्यम दुसराच निघाला. त्या वर्षी सत्यम चार होते.

रियाजभाई माणसांवर कधी चिडत नसत. चिडायचे ते मशीनवर, तेही लाडानं. "या बेट्याला आता काय झालं?" म्हणायचे. आणि बेट्याला कायम एकच व्हायचं. आवाज मागं पडायचा.

म्हणजे असं. केबलला धक्का बसला, लाईट खालीवर झाली की रेकॉर्ड होताना मधली काही चित्रं गळायची. आवाज मात्र गळायचा नाही. त्यामुळं चित्र पुढं पळायचं आणि आवाज मागून यायचा. पोरगं पाणी पितंय आणि आवाज येतोय की मला डॉक्टर व्हायचंय. बाप लोकांना त्याचं काही वाटत नसे, पण रियाजभाईंच्या जिवाला लागायचं. "ओठ आन् आवाज एका जागी आला न्हाई तर मानूस खोटा वाटतो, अप्पा," म्हणायचे.

ते एका जागी आणण्याचं काम करायच्या जाहिदाभाभी, त्यांची बायको. आणि भाभींना ऐकू येत नव्हतं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात भाभी सहाव्या महिन्यात होत्या, किल्लारीजवळ माहेरी गेल्या होत्या. माळवदाचं घर, वर मातीचं जड छत. पहाटे ते सगळं खाली आलं. भाभींना दुपारी काढलं. पोटातलं लेकरू वाचलं, कान गेले. जानेवारीत अलीझा झाली. भाभींनी तिचं रडणं कधी ऐकलं नाही, पहिला शब्दही नाही. त्या लेकीच्या तोंडाकडं बघून राहायला लागल्या आणि बघता बघता ओठ वाचायला शिकल्या. उर्दू, दखनी, मराठी, सगळं. त्या घरात एक कायदाच झाला होता, बोलताना तोंडावर हात ठेवायचा नाही आणि पाठ करून बोलायचं नाही. मी गेलो की मिशा कापून या म्हणायच्या. माझ्या मिशांत निम्मं बोलणं अडकतं म्हणे.

तर कामाची रीत अशी होती. प, ब, म बोलताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले की भाभी टेबलावर बोटानं ठोकायच्या. कानाला हेडफोन लावून रियाजभाई ऐकायचे, आणि तेच अक्षर कानावर आलं की तेही ठोकायचे. दोन ठोक्यांमध्ये जेवढं अंतर तेवढा आवाज मागं. रियाजभाई आवाज ढकलत ढकलत पुढं आणायचे. भाभींचा दुसरा तळहात टेबलावर पालथा असायचा, त्यातून त्यांना नवऱ्याचा ठोका कळायचा. दोन्ही ठोके एकदम पडले की त्या हात उचलायच्या. झालं काम. एकाला दिसतंय, एकाला ऐकू येतंय, आणि मधे टेबल. मी हे कितीतरी दुपारी बघितलंय आणि मला आजही ते पूर्ण समजलेलं नाही.

दोन हजार अकराच्या जूनमध्ये अलीझा बारावीत पहिल्या पाचांत आली. ज्या क्लासला ती जायची त्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर फुकट जाहिरात व्हायची, आणि त्यांना जाहिरातीची कमी नाही. चौकाचौकांत तिचा फोटो लागला. चॅनेलवर तिची मुलाखत लागणार होती, रविवारी चार वाजता. रियाजभाईंनी रेकॉर्डिंग लावून ठेवलं आणि सगळी गल्ली त्यांच्या घरात जमली. माझी बायको सिंधु पुढं जाऊन बसली. जाहिदाभाभी चहाचा ट्रे घेऊन मागं अडकल्या. पुढं माणसांच्या डोक्यांची भिंत. त्यांना टीव्हीचा वरचा कोपरा तेवढा दिसत होता.

मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "या यशाचं श्रेय कुणाला देशील?" अलीझाचा आवाज आला, "क्लासच्या सरांनी रोज उजळणी करून घेतली. आज जे काही घडलं ते सगळं क्लासच्या सरांच्या कष्टांनी, सरांच्या नोट्सनी." मग त्या नोट्सचं आणखी थोडं कौतुक झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारा माणूस कुणाच्या ओठांकडं बघत नाही.

भाभींनी सिंधुला खांद्याला धरून वळवलं. "काय म्हनली?"

सिंधुला खोटं बोलता येत नाही. ही माझी जन्माची अडचण आहे. तिनं ओठ नीट हलवून सांगितलं, "सरांमुळं झालं म्हणाली."

"आन् माझं?"

सिंधुनं मान हलवली. नाही. भाभींनी ट्रे उचलला आणि आत गेल्या. चहा तसाच आत गेला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

विचारलं असतं तर तिथंच सुटलं असतं. पण भाभी विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या लेकीशी बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, फक्त तिच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. त्या घरात याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. अलीझाही घुम्यासारखी वागायला लागली. मुलाखतीचा विषय निघाला की खोलीतून उठून जायची. पोरीला मिरजेच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. जायला आठ दिवस राहिले आणि माय-लेकींचं असं चाललेलं. भाभी एकदा सिंधुजवळ रडल्या. म्हणाल्या, "सतरा वर्सं तिच्या तोंडाकडं बगत बसले, ताई. तिला एकदाबी माझी याद आली न्हाई. आता ती असंच जानार."

सिंधु घरी येऊन मलाच बोलली, जणू मुलाखत मी दिली होती.

इकडं नांदेडहून रियाजभाईंच्या बहिणीचे, सबिहाआपांचे, फोनवर फोन. "अलीझाची सीडी कवा देतोस?" रियाजभाईंनी फाईल काढली. आवाज मागं होताच. त्यांनी भाभींना हाक मारली, म्हणजे टेबल ठोकलं. भाभी आल्या. मला वाटलं होतं येणार नाहीत. पण काम ते काम. तोंड पाडून स्टुलावर बसल्या, बोट टेबलावर ठेवलं.

चित्र कॉम्प्युटरवर टपालाच्या तिकिटाएवढ्या खिडकीत दिसायचं. मोठं केलं की बेटा अडकायचा. तेवढ्यात ओठ मिटले की उघडले एवढंच कळायचं, शब्द वाचता यायचे नाहीत. पहिली चार मिनिटं झकास जमली. ठोक्याला ठोका. मग श्रेयाचा प्रश्न आला आणि सगळं बिनसलं. भाभींनी सुरुवातीलाच दोन ठोके टाकले, टक, टक. रियाजभाईंचा एकही नाही. पुढंही तेच. भाभींचं बोट ठोकतंय आणि भाईंचं हवेत लटकतंय. मग भलत्याच जागी भाईंचा एक ठोका, तिथं भाभींचं बोट गप्प. आणि सव्वीस सेकंदांनी पुढचा प्रश्न लागला की पुन्हा बरोबर.

रियाजभाईंनी आवाज पुढं ढकलला, मागं ओढला. फाईल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक खेपेला पाच-सहा तास, आणि मधे लोडशेडिंग. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस हा खेळ चालला. कार्ड बदललं. वायर बदलली. मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं, बायकोवर चिडले.

"तुझं बोट चुकून राहिलंय. लक्ष कुठाय तुझं?"

"माझं बोट बरोबर हाय," भाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा आणि एका सुरातला आहे, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "ती ओठ मिटून राहिली. तुमाला ऐकू येत न्हाई तर मी काय करू?"

आता ऐकू न येणारं माणूस ऐकू येणाऱ्याला हे म्हणत होतं. मी आपला मशीनवाला म्हणून मधे तोंड घातलं. "रियाजभाई, माझं एक ऐका. मशीन घसरली की पुढंबी घसरलेली राहते. मधेच सव्वीस सेकंद घसरते आन् आपोआप नीट होते, असं मशीन मी आजपर्यंत बघितलं न्हाई."

"मंग काय म्हनायचंय तुमाला?"

"तेच तर मला कळंना," मी खरं ते सांगितलं.

भाभी आमच्या दोघांच्या ओठांकडं आळीपाळीनं बघत होत्या. एकाएकी उठल्या. "ते मोठ्या टीव्हीवर लावा. आवाज बंद करा. मला वाचू द्या."

रियाजभाईंनी वायर ओढून टीव्हीला जोडली, आवाज शून्यावर नेला. दुपारचे तीन वाजले होते, लाईट जायला तासभर होता. भाभी टीव्हीसमोर हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या. पडद्यावर त्यांची लेक, कॉलरला छोटा माईक लावलेली, डोक्यावरची ओढणी सारखी करत होती. प्रश्न संपला. अलीझाचे ओठ हलले आणि भाभी एकेक शब्द मोठ्यानं बोलायला लागल्या, शाळेतलं लेकरू बोट ठेवून वाचतं तसं.

"माझ्या… अम्मीला… ऐकू येत नाही."

रियाजभाई माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं.

"ती माझ्यासमोर… बसायची. मी तिला रोज धडा… समजावून सांगायचे. ओठ… ओठ स्पष्ट हलवून. मला स्वतःला समजलेलं नसलं की… माझे ओठ… थांबा. मागं घ्या."

रियाजभाई कॉम्प्युटरकडं वळले. त्यांनी मागं घेतलं.

"माझे ओठ गुळमुळीत व्हायचे. अम्मी लगेच हात वर करायची. म्हणायची, पुन्हा सांग. मग मी पुस्तक… पुन्हा उघडायचे. माझी उजळणी… अम्मीनं घेतली."

 शब्द जुळवण्यात भाभी इतक्या गुंतल्या होत्या की अर्थ मागून पोचला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "भाऊ, कुनी घेतली म्हनली?"

मी मिशा वर सारून सांगितलं, "तुम्ही."

"पुन्ना लावा."

तीनदा लावलं. तिन्ही वेळा तेच निघालं. माझ्या डोक्यात मात्र सगळं उलटसुलट झालं होतं. आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलं ते खोटं आणि भाभींनी बघितलं ते खरं? टीव्हीत बोललेला आवाज तर अलीझाचाच होता. तिच्या बापालाही शंका आली नव्हती.

अलीझा दारात उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. ती आईसमोर येऊन बसली, उजेड तोंडावर पडेल अशी, लहानपणापासूनच्या सवयीनं. म्हणाली, "अम्मी, मी तेच बोलले होते. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सरांनी ऑफिसात बोलावलं. म्हणाले, मुलाखत क्लासची आहे, त्यात घरची कहाणी कशाला? माझ्याकडनं दोन-चार वाक्यं बोलून घेतली, फक्त आवाज. चित्र तेच राहू द्या म्हणाले, कोण बघतंय? मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी बोलले. मला वाटलं…" पोरगी थांबली. "मला वाटलं, अम्मीला थोडंच ऐकू येतंय."

आणि तिनं तोंडावर हात ठेवला. हाताआड ती आणखी काहीतरी बोलत होती, रडत होती. ते मलाही ऐकू आलं नाही.

भाभींनी तिचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला. "हात काड," म्हणाल्या. "दिसत न्हाई."

मी उठून बाहेर आलो. काही गोष्टी शेजाऱ्यानं बघायच्या नसतात. खरं म्हणजे मला रडू आलं होतं, आणि या वयात ते मिशांत लपत नाही.

संध्याकाळी रियाजभाई भिंतीवरून म्हणाले, "अप्पा, मी आवाज फेकून दिला."

"कोणता?"

"तेवढा सव्वीस सेकंदांचा. जाहिदा म्हनली, खोटा आवाज कशाला ठिवता? मी म्हनलं, लोक म्हनतील फाईल खराब हाय. तर म्हनली, म्हनू द्या." मग म्हणाले, "मी तीन दिवस त्याला ओठांवर बसवून राहिलो होतो, अप्पा. तो आवाज तिचा, ओठ तिचे, तरी बसंना. मला वाटलं बेटा बिघडला."

सीडी झाल्या. एक नांदेडला गेली. दुसऱ्याच दिवशी सबिहाआपांचा फोन, "रियाज, मधेच आवाज जातोय रे!" रियाजभाई म्हणाले, "आपा, तेवढंच बरोबर हाय." पलीकडून आपा बराच वेळ बोलत होत्या. त्यांना काही कळलं नसणार. रियाजभाईंना समजावून सांगायला कधीच जमलं नाही.

एक सीडी आमच्याकडं आली. अलीझा मिरजेच्या गाडीत बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधुनं ती लावली. श्रेयाचा प्रश्न आला आणि घर गप्प झालं. पोरगी बोलतेय आणि काही ऐकू येत नाही. सिंधु रिमोट झटकायला लागली. मी म्हटलं, "अगं, ओठ बघ." ती डोळे ताणून बघत राहिली आणि म्हणाली, "मला काहीच दिसंना हो. त्या दिवशी मीच तिला सांगितलं सरांचं, आणि आता मला तिचं खरं बोलणं वाचताबी येईना." मग डोळ्यांना पदर लावला.

जाहिदाभाभी वाटीभर साखर परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी सिंधुकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं. वाटी खाली ठेवली, सिंधुशेजारी सतरंजीवर बसल्या आणि मला हातानं खूण केली, मागं घ्या.

मी मागं घेतलं. अलीझानं ओढणी सारखी केली, तिचे ओठ हलले, आणि भाभी बोलायला लागल्या. त्यांच्या त्या मोठ्या, एका सुरातल्या आवाजात. "माझ्या अम्मीला ऐकू येत नाही. ती माझ्यासमोर बसायची." आता अडखळणं नव्हतं, पाठच झालं होतं. सिंधु त्यांचा हात धरून ऐकत होती.

मी रियाजभाईंची रीत आठवून बघत बसलो. अम्मीतला म, बसायचीतला ब, पुस्तकातला प. पडद्यावर ओठ मिटत होते आणि त्याच क्षणी भाभींचेही. मी शेवटपर्यंत मोजलं. आवाज एकदाही मागं पडला नाही.